शेवंताताई, माझ्या हातात निकाल नव्हताच

अन्याय झाला तो पार्बताबाईवर, सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. राजूरच्या बाजूच्या वस्तीतली ही बाई. खाणीच्या ब्लास्टिंगने तिच्या घराच्या तीन भिंतींना तडे गेलेले. खाण वाढवण्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत ती उभी राहिली. साहेबांनी यादी दोनदा वरून खाली पाहिली आणि सांगितलं, तुमची हरकत आलेली नाही, तुम्हाला बोलता येणार नाही, बसा. ती बसली. दुसरा अन्याय त्याच दिवशी चार वाजता, हरकती घेणाऱ्या टेबलावरच्या कारकुनावर. त्याने हरकती दाबल्या, असं पत्रक आम्ही चौकात वाटलं. तिसरा पाच वाजता, तुझ्यावर, तुझ्याच क्लासमध्ये. तिन्ही अन्याय करणारी एकच आहे आणि ती मी आहे.

ताई, तू बुधवारी गेलीस. कशाने, कोणत्या दवाखान्यात, वय किती, मागे कोण, हे मी लिहिणार नाही. ते छापायला वर्तमानपत्राला दोन इंच जागा पुरली. मला वेगळं सांगायचं आहे. ते सोमवारी सांगायला हवं होतं, पण सोमवारी मला ते ठाऊकच नव्हतं.

मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले ती आमच्या चळवळीचं पत्रक टाइप करून घ्यायला. मारेगावला कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर तुझा क्लास. जिन्यात बियाण्याच्या पिशव्यांचा वास, वर सहा संगणक, त्यातले चार चालू. तू माझं पत्रक वाचलंस, तीन चुका काढल्यास आणि विचारलंस की एवढे लोक सह्या करतात तर त्यांची नावं कुठे ठेवता. वहीत, मी म्हटलं. वही कोणाकडे? ती कोणाकडे आहे हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं. तू खुर्ची ओढलीस. त्या दिवशी पत्रक टाइप झालंच नाही.

जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतलं, तू शिकवलेलं ते तीन ओळींचं पहिलं गणित मला अजून तोंडपाठ आहे. पहिल्या ओळीत ‘एक’ छापायचं. दुसरीत दूरच्या सर्व्हरला वेळ विचारायची, आणि उत्तर आलं की ‘दोन’ छापायचं. तिसरीत ‘तीन’. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं एक, तीन, दोन. मी म्हटलं, तुझं मशीन बिघडलं. तू हसलीसुद्धा नाहीस.

“बिघडलं नाही. ते थांबत नाही. उत्तर यायले टाइम लागते, तोवर ते बाकीचं काम करून राह्यलं.”

मी ते वीसेक वेळा चालवलं असेल. दर वेळी एक, तीन, दोन. मी आयुष्यभर रांगा पाहिल्या आहेत ताई. तहसीलीत पुढच्याचा कागद अडला की मागचे सगळे अडतात. आणि इथे आत काम करणारा एकच, त्याच्या मदतीला दुसरा कोणी नाही, तरी एकाच्या उत्तरासाठी दुसरा अडत नाही. हे कोणी ठरवलं असेल, कसं सुचलं असेल, या विचाराने मला त्या दिवशी पार गप्प केलं. मला गप्प करणं किती अवघड, ते तुला पुढे कळलंच.

मग तू दाखवलंस की विचारल्याबरोबर, सर्व्हरला विचारणारं फंक्शन हातात काय ठेवतं. उत्तर नाही ठेवत. एक वस्तू ठेवतं, तिला प्रॉमिस म्हणतात. तिच्या तीनच अवस्था: अजून चालू आहे, पूर्ण झालं, किंवा मोडलं. आणि एकदा पूर्ण किंवा मोडलं ठरलं की ते पुन्हा कधीही बदलत नाही. लगेच विचारा की तासाभराने विचारा, दहा जणांनी विचारा, तेच उत्तर. मी म्हटलं, म्हणजे जिनिंगला कापसाची गाडी लावली की चिठ्ठी मिळते तसं. तू मला तिथेच थांबवलंस. उपमा पत्रकात घाल म्हणालीस, इथे चालवून पाहा. प्रॉमिस म्हणजे काय हे तू मला एकदाही समजावून सांगितलं नाहीस. तू फक्त म्हणायचीस, चालवून पाह्य छोरी.

हरकती भरून पाठवायचं वेबपान आपण दोघींनी मिळून केलं, असं मी सगळीकडे सांगत होते. खरं म्हणजे पान मी केलं आणि तू मागे उभी राहून नाक मुरडत होतीस. खाण वाढवायला आमच्या वस्तीची हरकत होती. प्रत्येक घराची वेगळी हरकत, वेगळे तडे, वेगळे फोटो. कार्यकर्ता घरी जाणार, फोनवर पान उघडणार, बाईचं नाव, घर क्रमांक, म्हणणं भरणार, तड्यांचे फोटो काढणार, बटण दाबणार. हरकत आपल्या सर्व्हरवर येणार, तिथून छापून आपण कार्यालयात देणार. पडद्यावर हिरवी खूण आली की काम झालं. प्रोग्राममध्ये आलेलं उत्तर ज्या नावाखाली ठेवतात त्याला आपण डबा म्हणायचो.

तेव्हा तुझ्या एका अटीवरून आपलं भांडण झालं. भरलेल्या हरकतीची कच्ची प्रत फोनमध्ये राहू द्यायची, पोहोचली तरी पुसायची नाही. मी म्हटलं, कायले? फोन भरून जातील. तू म्हणालीस, भरू दे. मी कंटाळून ती अट ठेवली. मनातून नाही, तुझ्या हट्टापायी.

आणि कार्यकर्त्यांच्या सूचनापत्रात तिसऱ्या क्रमांकाची ओळ मी घातली: हिरवी खूण दिसली की लगेच नेट बंद करावे. आमच्याकडे हीच रीत आहे. सकाळचा नेट पॅक दुपारपर्यंत टिकवायचा असतो, वस्तीत रेंज फक्त कोळशाच्या ढिगाऱ्याकडच्या टोकाला, आणि रेंज शोधता शोधता फोनची बॅटरी बसते. म्हणून काम झालं की नेट बंद. कोणाला शिकवावं लागत नाही, अंगठा आपोआप तिकडे जातो. मी ती सवय नियम म्हणून छापली आणि मला त्याचा अभिमान वाटला.

सोमवारी पार्बताबाई खाली बसली तेव्हा मी तिच्या मागच्या रांगेत होते. तिने मागे वळून मला विचारलं, “पोरी, हिरवं आलतं ना वं? तुह्यासमोर आलतं.” आलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या घरी मी स्वतः गेले होते, फोटो मीच काढले होते. एका तड्यात तिने गोणपाट कोंबलं होतं, ते काढून तिने हात आत घालून दाखवला होता. आणखी काही बायांचीही नावं यादीत नव्हती. मला क्षणभरही शंका आली नाही. हिरवं आलं होतं, म्हणजे हरकत पोहोचली होती, म्हणजे कोणीतरी ती काढली होती, म्हणजे टेबलावरच्या माणसाने काढली. चार वाजता पत्रक चौकात होतं.

पाच वाजता मी जिना चढून आले, तुझ्याकडून शाबासकी घ्यायला. तुझी तब्येत बरी नव्हती हे मला दिसत होतं, पण माझ्या अंगात पत्रक भिनलं होतं. तू पत्रक वाचलंस. मग विचारलंस, ज्यांची नावं नाहीत त्यांच्या घरचे फोटो किती होते? मी म्हटलं, हा काय प्रश्न आहे, सगळ्यांत जास्त त्यांचेच, त्यांचीच घरं सगळ्यांत फाटली आहेत. तू डोळे मिटून घेतलेस.

“आधी आपल्या घरात पाह्य. पाठवलं त्याचं उत्तर आलतं का?”

“मी तपासलं ताई. निकाल डब्यात घेतला, डबा रिकामा नसन तरच हिरवं. तपासल्याबिगर हिरवं येतच नाही.”

“डब्यात काय होतं, पाह्यलं का?”

आणि मग मी ते बोलले. इथे लिहिते, कारण पाचसहा जणांनी ते जिन्यातून ऐकलं आहे. मी म्हटलं की तू शहरात कंपनीत राहून आलीस, तुला नेहमी कार्यालयाचीच बाजू खरी वाटते, तांड्यावरून आलीस हे विसरलीस. तू पुसदकडच्या तुझ्या बंजारा तांड्याबद्दल कधी फार बोलायची नाहीस, आणि मी नेमकं तिथेच बोट घातलं. तू चहा सांगू का, एवढं विचारलंस. मी निघून आले. बुधवारी तू गेलीस.

शुक्रवारी तुझ्या याडीने, म्हणजे आईने, मला बोलावलं. तांड्यावरून ती कधीची येऊन राहिली होती. क्लासची किल्ली तिच्याकडे होती. माझ्याशी ती मराठीत बोलली, हळू, शब्द निवडून. म्हणाली, मंगळवारी सकाळी ती इथंच बसली होती, मी जेवायला बोलावत होते तर म्हणे, थांब, त्या छोरीचं एक काम आहे. मग तिने खुर्ची पुसली आणि मला बस म्हणाली.

माझंच पान उघडं होतं. मी घाबरत शोधायला लागले की तू काय काय बदललंस. मला वाटलं, सगळं दुरुस्त करून ठेवलं असशील, वरून दोन टोमणे लिहून ठेवले असशील. काहीच बदललं नव्हतं. माझ्या शंभरभर ओळींमध्ये तू एकच ओळ घातली होतीस, जिथे मी निकाल डब्यात घेते त्याच्या बरोबर खाली. डब्यात जे आहे ते छापून दाखव, एवढंच सांगणारी ओळ. बाकी सगळं जसंच्या तसं चुकीचं.

मी चालवलं. पडद्यावर आलं: प्रॉमिस, पेंडिंग. म्हणजे अजून चालू.

ताई, त्या दोन शब्दांकडे मी किती वेळ पाहत होते ते तुझी याडीच सांगेल. डबा रिकामा नव्हता. तो कधीच रिकामा नसतो. पाठवल्याच्या क्षणी फंक्शनने माझ्या हातात प्रॉमिस ठेवलं होतं, आणि मी त्याला निकाल समजले. मी तपासत होते ते, काहीतरी हातात आहे का. हातात काहीतरी होतंच. म्हणून हिरवं. जगातल्या प्रत्येक हरकतीला हिरवं. फोटो अजून ढिगाऱ्याकडच्या टोकावर अर्ध्या वाटेत होते, तेवढ्यात हिरवं आलं, आमचा अंगठा खाली गेला, नेट बंद. पाठवणं तिथेच मोडलं. मोडल्याची बातमी आली असणार, पण ती ऐकायला मी कोणालाच बसवलं नव्हतं.

ज्यांचे फोटो कमी, त्यांची हरकत चुटकीसरशी गेली. ज्यांच्या भिंतींना सगळ्यांत जास्त तडे, त्यांचे फोटो सगळ्यांत जास्त, आणि त्यांचीच हरकत तुटली. तू डोळे मिटलेस ते यासाठी, हे मला शुक्रवारी कळलं. आणि मारेगावला तुझ्या क्लासच्या नेटवर मी तपासलं तेव्हा सगळं नीट चाललं होतं, कारण इथे कोणी नेट बंद करत नाही. सुनावणीच्या आधी छापलेल्या कागदांचा गठ्ठा जाड दिसला म्हणून आम्ही खूश झालो. यादीशी एकेक नाव ताडून पाहायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

दुरुस्ती मी केली. एक शब्द, अवेट, म्हणजे वाट पाहा, पाठवण्याच्या आधी. तो घातला की फंक्शन त्या ओळीवर थांबतं, बाकीचं जग चालू राहतं, आणि खरा निकाल आला की तिथूनच पुढे निघतं. जणू मध्ये काही घडलंच नाही. मग ट्राय आणि कॅच, मोडल्याची बातमी झेलायला. तेवढ्यावर मी थांबले असते, पण माझ्या वहीत तुझ्या हातचं एक जुनं वाक्य सापडलं, की सर्व्हर नाही म्हणाला तरी ते उत्तरच असतं, उत्तर आलं म्हणून होकार समजू नको, आत पाहा. म्हणून मी आत पाहिलं. आता नोंद क्रमांक परत आला तरच हिरवं. नाहीतर लाल, आणि का ते मराठीत.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. सगळ्या हरकती एकदम पाठवायच्या तर निकाल कसा घ्यायचा, यावरून. एक पद्धत अशी की सगळ्या पोहोचल्या तरच पोहोचल्या, एक मोडली की सगळं मोडलं. मला ती आवडायची. मी म्हणायचे, चळवळ अशीच असते, सगळे किंवा कोणीच नाही. तुला ती चालायची नाही. तू म्हणालीस, “पयला नकार आला की तू कानात बोटं घालशील. बाकीच्या बायाइचं काय झालं ते कोन सांगन? मले एकेकीचं पाह्यजे.” मी म्हटलं, हे तुझं कंपनीतलं डोकं. तू म्हणालीस, बरं, आणि विषय सोडलास. विषय सोडायची ही तुझी सवय मला हार वाटायची.

रविवारी आम्ही फोन गोळा केले. ज्या फोनवरून हरकती भरल्या ते. आणि त्यातल्या प्रत्येकात, तुझ्या हट्टापायी, कच्च्या प्रती होत्या. एकही पुसलेली नव्हती. पार्बताबाईच्या तड्याचे सगळे फोटो, तिचा आत घातलेला हात, सगळं. क्लासमध्ये तुझ्या टेबलावर फोन ओळीने ठेवले, त्यातल्या प्रती संगणकावर घेतल्या, आणि राहिलेल्या सगळ्या हरकती मी तुझ्या पद्धतीने पाठवल्या. जिच्यात कोणी मोडलं म्हणून कोणी थांबत नाही, सगळ्यांचं काय ते ठरेपर्यंत वाट पाहिली जाते, आणि मग प्रत्येकीचा निकाल वेगळा हातात येतो.

तुझी याडी, पार्बताबाई आणि मी, तिघी पडद्याकडे पाहत होतो. आधी काहीच नाही. मग यादी आली. पार्बताबाईचं नाव सगळ्यांत वर. तिची हरकत सगळ्यांत जड, तिचंच उत्तर सगळ्यांत शेवटी आलं होतं, हे मला वेळेवरून दिसत होतं. तरी ती वर. ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने निकाल लावून ठेवलेले. उशीर झाला म्हणून तिला कोणी रांगेत मागे ढकललं नव्हतं. तिच्या नावापुढे पूर्ण, आणि क्रमांक. खाली एकीच्या नावापुढे मोडलं, आणि कारण, एक फोटो खराब झाला आहे. माझी पद्धत असती तर त्या एका फोटोमुळे मला कोणाचंच काही कळलं नसतं.

पार्बताबाईने विचारलं की आता हे खरं हिरवं का तसलंच. मी म्हटलं, क्रमांक आहे मावशी, खरं आहे. तिने क्रमांक हातावर पेनाने लिहून घेतला. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि तिचं बरोबर आहे. तुझी याडी म्हणाली, “शेवंतानं केलं का हे?” मी हो म्हटलं. त्यातली ओळ न् ओळ माझ्या हातची होती, आणि मी हो म्हटलं ते खोटं नव्हतं.

मला थक्क करतं ते हे, ताई. मी तुझ्याशी इतकं वाईट बोलले, तुझ्याकडे एक सकाळ उरली होती, आणि तू ती मला चूक दाखवण्यात घालवलीस, सुधारून देण्यात नाही. सुधारून ठेवलं असतंस तर मी पत्रकात लिहिलं असतं की तांत्रिक अडचण दूर झाली. तू मला माझ्या डब्यासमोर बसवलंस. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कोणी टाकला नाही, आणि मी तो कमावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, राहिलेल्या हरकती छापून कारकुनाकडे देऊन आले. सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, माझ्या पोरीने शाळेत ते पत्रक वाचलं. माफीचं पत्रक मी त्याच चौकात, तेवढ्याच संख्येने वाटलं आहे. साहेबांनी सांगितलं की येत्या शुक्रवारी सुनावणी पुन्हा बसते, तोवर ज्या हरकतीची क्रमांकासह छापील प्रत कार्यालयात आली आहे आणि बाई स्वतः हजर आहे ती ऐकली जाईल. पार्बताबाई बोलणार. तुझ्यावर केलेल्या अन्यायाची सुनावणी मात्र कुठे बसत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आता हे वाचणाऱ्यांना. आमच्या कार्यकर्त्यांचे तीन फोन अजून आलेले नाहीत. एक विकला गेला आहे, एक नातेवाइकाकडे पुसदला आहे, एक कोणाकडे आहे ते ठाऊक नाही. त्या तीन फोनमध्ये कोणाकोणाच्या हरकती अडकून आहेत हे आम्हाला माहीत नाही. त्या बायांनी हिरवं पाहिलं आहे आणि त्या निर्धास्त घरी बसल्या आहेत. आमचं पान कधीही उघडलेला फोन तुमच्या हातात, घरात, दुकानात असेल तर तो आजच शोधा. त्यातलं काहीही पुसू नका, फोन फॉरमॅट करून देणाऱ्याकडे नेऊ नका. बंद पडला असेल तरी चालेल. येत्या गुरुवारी सकाळी दहाच्या आत मारेगावला, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर, तो स्वतः आणून द्या.